पेपरातली बातमी आणि तुमच्या वाड्यावरचा टीकाकार

तिंट्यावरचा

परवा पेपरात परत वाचलं, गोव्यातले कॅसिनो मांडवी नदीतच राहणार, दुसरी जागा सापडेपर्यंत. वाचलं आणि आमचे तात्या आठवले.

तात्या म्हणजे आमच्या वाड्यावरचे शिंपी. माझे कोणी लागत नव्हते, पण अख्खा वाडा त्यांना तात्याच म्हणायचा. दुकान म्हणजे घराचा सोपा, एक पायमशीन, समोर बाकडं. सकाळच्या पहिल्या बसने गोमन्तक यायचा आणि तात्या तो मोठ्याने वाचायचे. पाय चालू असेपर्यंत बातमी, पाय थांबला की टीका. मंत्र्याचं भाषण असलं तर पाय थांबवायचेच नाहीत. म्हणायचे, याच्यात निदान काजं तरी होतात.

वाचून झालं की कापडावर मारायच्या खडूने पेपरवर खुणा. टिकली म्हणजे खरी, फुली म्हणजे थाप, आणि गोल म्हणजे ‘ही परत येणार’. शेवटी शेवटी पानभर गोलच असायचे. खाणी सुरू होणार, गोल. नळाला चोवीस तास पाणी, गोल. कॅसिनो हलणार, गोलावर गोल.

तर सांगा. हल्ली वाचलेली कुठलीही बातमी घ्या आणि तुमच्या घरचा, वाड्यावरचा, फेरीवरचा टीकाकार त्यावर काय म्हणाला, किंवा असता तर काय म्हणाला असता, ते लिहा. राजकारण चालेल. भांडण नको. म्हणजे थोडं चालेल.

माशेलची मिरची

नारळ!! काल मध्यम आकाराच्या नारळाला पन्नास सांगितले. मी विचारलं, माडासकट काय?

२०१६ ची गंमत आठवते ना? कायदा दुरुस्त करून माडाला झाडांच्या यादीतून बाहेर काढलं होतं. कारण काय तर फांद्या नाहीत, मग झाड कसलं. त्या आठवड्यात आमच्याकडे पाडप होती. पाडेली, म्हणजे नारळ पाडणारा, खाली उतरला तेव्हा बाबांनी त्याला बातमी वाचून दाखवली. तो घाम पुसत म्हणाला, “म्हणजे इतलीं वर्सां हांव तणार चडटालों?” (म्हणजे इतकी वर्षं मी गवतावर चढत होतो?)

पुढच्या वर्षी नव्या सरकारने माडाला परत झाड केलं आणि वर राज्यवृक्षही केलं. पाडेल्याला तेही सांगितलं. त्याने दर वाढवला. राज्यवृक्षावर चढायचं म्हणजे काय तरी मान हवा की नको.

दुपारची झोप

तुम्हाला पाडेली मिळतो?? नंबर पाठवा

माशेलची मिरची

नंबर आहे, माणूस येत नाही. हल्ली माकडं पाडतात. फुकट, पण कोवळे.

फोंड्याची पोर

आमची आजी पेपर मागून पुढे वाचते. आधी निधनवार्ता. कोण, कुठला, कोणाचा जावई, सगळं जुळवते. ओळखीचं कोणी नसलं की घडी घालून ठेवते, “आज पेपरात कायच ना.” मग पहिल्या पानावर सरकार पडलेलं असो.

सांखळीत पाऊस

आबांचं सांगतो. १० जुलै २०१९, काँग्रेसचे १५ पैकी १० आमदार भाजपात गेले. १४ सप्टेंबर २०२२, ११ पैकी ८ गेले. आणि या दोन्हींच्या मधे, जानेवारी २०२२ मध्ये, पक्ष सोडणार नाही म्हणून उमेदवारांच्या शपथा झाल्या. पणजीच्या महालक्ष्मीला, बांबोळीच्या फुलांच्या खुरसाकडे (क्रॉसकडे) आणि बेतीच्या दर्ग्यात. सप्टेंबरात त्यातल्या एकाने सांगितलं की मी देवाला परत विचारलं आणि देव हो म्हणाला.

आम्ही सगळे चिडलो होतो. आबा शांत. म्हणाले, “तीन ठिकाणी साक्षी ठेवले ना, तिथेच चुकलं. प्रत्येकाला वाटलं दुसरा बघतोय.”

रायबंदरची फेरी

😂😂 आबांना नमस्कार सांगा

सांखळीत पाऊस

सांगतो. ते आता विधानसभेचं अधिवेशन आवाज बंद करून बघतात. कोण काय बोलतो याला अर्थ नाही, कोण कुठे बसलाय तेवढं बघायचं, म्हणतात.

म्हापशाचा शुक्रवार

आमच्याकडे पेपर आठला यायचा आणि पोदेर, म्हणजे पाववाला, सहाला. त्यामुळे खरी बातमी पोदेराची. चार पाव, दोन उंडे, आणि कोणाच्या मुलीचं कुठे जमलं. पेपरात खुलासा तरी छापून येतो, पोदेराची बातमी मात्र संध्याकाळच्या फेरीपर्यंत आणखी फुगायची.

मडगावमावशी

मी लिहू का, थोडं लांबेल. कुकर लावलाय तोवर लिहिते.

आमच्या घरी पेपर दोन. आजोबांचा गोमन्तक, काकांचा राष्ट्रमत. सन १९६६ संपत आलं होतं आणि ओपिनियन पोल तोंडावर, म्हणजे गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की वेगळा ठेवायचा याचं मतदान. आजोबा विलीनीकरणवाले म्हणजे निशाणी फूल, काका वेगळ्या गोव्याचे म्हणजे निशाणी दोन पानं. एकच सभा दोन्ही पेपरांत वाचली तर एकात ती तुडुंब असायची आणि दुसऱ्यात तुरळक. दोघे बलकांवात (दारापुढच्या ओट्यावर) समोरासमोर सोप्यांवर बसून आपापला पेपर मोठ्याने वाचायचे, एकमेकांना ऐकू जावा म्हणून. बोलायचे नाहीत. काकांना चहा हवा असला तरी निरोप माझ्यामार्फत आणि आजोबांनी साखरेचा डबा सरकवायचा तो पण माझ्यामार्फत.

काकांचा जीव ‘ब्रह्मास्त्र’वर. उदय भेंब्र्यांचं सदर ते. काका त्यातलं वाक्य वाचून थांबायचे आणि आजोबांकडे बघायचे. आजोबा गोमन्तक आणखी वर धरायचे.

आजीला दोघांनी आपापल्या बाजूने पढवलं. ती ऐकून घ्यायची आणि म्हणायची, “फुलां देवाक, पानां जेवपाक. हांवें कितें करूं?” (फुलं देवाला, पानं जेवायला. मी काय करू?) १६ जानेवारीला मतदान झालं. ती मत देऊन आली, कोणाला दिलं ते शेवटपर्यंत कोणालाच कळलं नाही. दोघेही मरेपर्यंत समजून होते की आपल्याला.

मोजणी दोन-तीन दिवस चालली. पणजीत मिनेझिस ब्रागांझाच्या इमारतीबाहेर ही गर्दी. आम्ही रेडिओला चिकटलेले. दोन पानं ३४,०२१ मतांनी पुढे. काका उडी मारून उठले, मग आजोबांकडे बघून परत बसले. आजोबांनी गोमन्तकची घडी केली आणि पहिल्यांदा राष्ट्रमत मागितला. “बघूं, किती खोटं लिहिलंय.”

पुढे राष्ट्रमत बंद पडला. काका आजोबांचा पेपर वाचायला लागले, पण चष्मा न लावता. लावला तर सगळं खरं वाटेल म्हणायचे.

कुकर झाला. येते.

फोंड्याची पोर

मावशी 🙏🙏 तुम्ही कोणाच्या बाजूने होता?

मडगावमावशी

मी तेव्हा दुसरीत. जो पेपरमिंट देईल त्याच्या.

एक वाचक

पण गोमन्तकने तेव्हा मराठीची बाजू घेतली नसती तर आज इथे मराठी वाचणारा उरला असता का? आणि कोंकणीवाल्यांनी

तिंट्यावरचा

थोडं भांडण चालेल म्हटलं होतं, पण हे नको. कोंकणीला राजभाषा करणारा कायदा ४ फेब्रुवारी १९८७ चा. तात्यांनी त्या दिवशी मारलेला गोल अजून फिरतोय. पुढचं कोणीतरी लिहा पटकन.

पेडण्याचा पण पेडणेकर नव्हे

लिहितो. हत्ती. ओंकार. २०२५ च्या सप्टेंबरात दोडामार्गाकडून उतरून पेडण्यात आला तो. पेपरात रोज त्याचा फोटो, आज इथे, उद्या तिथे. शेतकऱ्यांची भातं गेली, त्यात गंमत काही नाही, रात्ररात्र फटाके घेऊन जागायचं म्हणजे काय ते आमच्या लोकांना विचारा. पण आमच्या बाजूचे काका रिटायर्ड मास्तर, ते रोज सकाळी बातमी वाचून एकच विचारायचे. “पत्रादेवीला माझ्या पिशवीतले हापूससुद्धा उघडून बघतात. हा एवढा मोठा आला तेव्हा नाक्यावर कोण होतं?”

मग स्वतःच उत्तर. “तो मोपाने आला असणार. विमानतळ एवढा मोठा बांधलाय, कोणीतरी वापरायला हवा.”

म्हापशाचा शुक्रवार

मोपाला असं बोलू नका. माझा भाचा तिथे कामाला आहे

पेडण्याचा पण पेडणेकर नव्हे

काकांचा मुलगा पण तिथेच आहे. म्हणून तर बोलतात.

रायबंदरची फेरी

५ जुलै १९८६. मांडवीवरचा पूल पडला. बाबा पर्वरीहून पणजीला कामाला. त्या आधी ते पेपर बसमध्ये वाचायचे, म्हणजे पहिलं पान आणि क्रिकेट, तोवर पणजी. पूल पडल्यावर बेतीला फेरीची रांग. त्या रांगेत बाबा हळूहळू आत आत गेले. आधी जिल्हा पान (आमच्याकडे तालुका म्हणा), मग वाचकांची पत्रं, मग अग्रलेख. रांगेतल्या चार लोकांत चर्चा सुरू झाली की फेरी आली तरी एखादी सोडायचे, मुद्दा पुरा व्हायला हवा म्हणून. आई म्हणायची, सरकारने पूल नाही बांधला तरी चालेल, हे शिकून घेतील.

नवा पूल झाला आणि बाबा परत क्रिकेटवर आले.

दुपारची झोप

आता तीन पूल आहेत आणि रांग तेवढीच. फक्त हातात पेपर नाही, मोबाईल

जुना छपाईवाला

मी एका दैनिकात रात्रपाळीला होतो. कुठल्या ते विचारू नका. तात्यांचे गोल वाचून हसू आलं कारण आमच्याकडेही ते होते, फक्त आम्ही त्यांना ‘तयार मजकूर’ म्हणायचो. मेच्या शेवटी मान्सून केरळात. जूनमध्ये पणजीचा १८ जून रस्ता पाण्यात, फोटोत एक छत्रीवाला आणि एक बंद पडलेली स्कूटर. लोहियांनी १९४६ च्या १८ जूनला मडगावात भर पावसात सभा घेतली म्हणून त्या रस्त्याला ते नाव. रस्ता बिचारा दरवर्षी त्याच सुमारास बुडून आठवण पाळतो. चतुर्थीच्या आधी माटोळीचं (गणपतीवर टांगायच्या फळाफुलांचं) सामान महागलं. डिसेंबरात पर्यटक कमी आले, जानेवारीत पर्यटक जास्त झाले.

नवीन मुलगा आला की पहिल्या वर्षी तळमळीने लिहायचा. दुसऱ्या वर्षी विचारायचा, गेल्या वर्षीची फाईल कुठे आहे. आमचे संपादक त्याला म्हणायचे, आता तू पत्रकार झालास. मग मात्र त्याला परत त्या रस्त्यावर पाठवायचे, फोटो यंदाचाच हवा. बंद पडलेली स्कूटर दरवर्षी वेगळी असते, तिचा मालक पेपर विकत घेतो.

डिचोलीचा, सध्या दुबईत

आमच्या आजोबांना टीका करायची सोयच नव्हती. पोर्तुगीजांचं राज्य, बातमीवर सेन्सॉर. त्यांची बातमी म्हणजे ‘गोंयचे सोडवणेचो आवाज’ हे गुप्त रेडिओ केंद्र. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो, दोघं सीमेपलीकडच्या जंगलात बसून ते चालवायचे, १९५५ च्या नोव्हेंबरपासून मुक्ती होईपर्यंत. इथे कोंकणी आणि पोर्तुगीजमधून ऐकू यायचं. आजोबा खोलीचं दार लावून, डोक्यावर घोंगडी घेऊन ऐकायचे. शेजारी पोलिसांचा माणूस राहायचा. मुक्तीनंतर तो शेजारी आजोबांना म्हणाला, “तुमचा आवाज फार बारीक असायचा, मला माझाच लावावा लागायचा.” म्हणजे तोही ऐकायचा!

२०२५ ला लिबियाबाईंना पद्मश्री मिळाली तेव्हा मी इथे कॅन्टीनमध्ये बातमी वाचली. शेजारच्या केरळच्या माणसाला सगळी गोष्ट सांगितली. तो ऐकून म्हणाला, पण घोंगडीत गरम नाही व्हायचं?

फोंड्याची पोर

केरळवाल्याचा मुद्दा बरोबर आहे

तिंट्यावरचा

ही टिकली. खडू मोडेपर्यंत टिकली.

रायबंदरची फेरी

एक राहिलं. आमच्या वाड्यावर एक पात्रांव (बडे मालक) होते, ते फक्त ओ एराल्दो वाचायचे, पोर्तुगीजमधून. १९०० सालापासूनचा पेपर तो. १९८३ मध्ये तो इंग्रजी झाला. पात्रांवांनी त्या दिवशी पेपर उलटसुलट करून बघितला आणि पोराला परत पाठवलं, “चुकून दुसऱ्याचा टाकलास.” आठवडाभर हाच प्रकार. मग बंद केला. पण पोराला महिन्याचे पैसे देत राहिले, त्याची चूक नव्हती म्हणून.

एक वाचक

कोंकणीवाल्यांबद्दल माझं वाक्य अर्धं राहिलं होतं. ते असं होतं की कोंकणीवाल्यांनी पण मराठी पेपरच वाचले. एवढंच. तुम्ही उगाच घाबरलात.

मडगावमावशी

बाबा, तू आमच्या बलकांवात शोभला असतास.

आणि नुस्तेंचं (मासळीचं) काय, कोणी भाव सांगेल काय? मासेमारीबंदीच्या बातम्या सगळे देतात, बाजारात काय आहे ते कोणी देत नाही. आज मडगावात बांगडे बघितले आणि परत आले.

म्हापशाचा शुक्रवार

म्हापशात शंभराला चार. ते पण बर्फातले, डोळे बघून कळतं. १ ऑगस्टला ट्रॉलर सुटतात, तोवर खारें खा

मडगावमावशी

खारें पण संपलं. पुरुमेंताला (पावसाळ्याच्या बेगमीला) घेतलं होतं ते सुनेने माहेरी नेलं.

दुपारची झोप

मावशी, ही बातमी टिकली, फुली की गोल?

मडगावमावशी

गोल रे. दरवर्षी नेते.

माशेलची मिरची

सून इथे वाचत नाही ना?

मडगावमावशी

वाचते. म्हणून तर लिहिलं.