मदत हवी आहे: इंजिन सुरू केलं की वायरलेस रिव्हर्स कॅमेऱ्याचं चित्र फडफडतं

हॅचबॅक गाडीत मागे नंबर प्लेटच्या वर कॅमेरा बसवला आहे. ट्रान्समीटर डिकीच्या आतल्या प्लास्टिक पॅनेलमागे आहे. रिसीव्हर आणि ५ इंची स्क्रीन पुढे डॅशबोर्डवर आहेत. सेट २.४ गिगाहर्ट्‌झचा, साधा ॲनालॉग. कॅमेरा आणि ट्रान्समीटरची लाल वायर उजव्या रिव्हर्स लाइटच्या पॉझिटिव्हवर आणि काळी वायर बॉडीला जोडली आहे. स्क्रीनला वीज पुढच्या चार्जिंग सॉकेटमधून मिळते.

इंजिन बंद, चावी ऑन आणि गिअर रिव्हर्सला टाकला तर चित्र स्वच्छ दिसतं. इंजिन सुरू झालं की आडव्या रेघा धावतात, चित्र उड्या मारतं आणि मधूनच निळा पडदा येतो. शिवाय डावं-उजवं उलटं दिसतंय. ट्रान्समीटर बदलावा की सगळं काढून सरळ वायर ओढावी?

प्रतिसाद १

अजून काहीही बदलू नका. आधी दोष विजेत आहे की लहरींत, ते वेगळं करा. कॅमेरा आणि ट्रान्समीटरच्या दोन्ही वायरी गाडीपासून सोडवा आणि १२ व्होल्टच्या वेगळ्या बॅटरीवर लावा. इन्व्हर्टरची किंवा अलार्मची छोटी बॅटरीही चालेल. मग इंजिन सुरू करून चित्र बघा. स्वच्छ आलं तर मागच्या बाजूची वीज खराब आहे. रेघा तशाच राहिल्या तर रिसीव्हरची जागा, पुढचा चार्जर आणि फोनचं वायफाय तपासा. वायफाय आणि ब्लूटूथ याच पट्ट्यात चालतात.

‘वायरलेस’ म्हणजे फक्त चित्र बिनतारी जातं, वीज तारेनंच येते. फडफडीच्या तक्रारींत पहिला संशय त्या तारेवरच घ्यावा.

धागाकर्ता

वेगळ्या बॅटरीवर चित्र एकदम स्थिर आहे, इंजिन सुरू असतानाही. रिव्हर्स लाइटच्या होल्डरवर मल्टिमीटर लावला. इंजिन बंद असताना १२.१ व्होल्ट आणि सुरू असताना ११.७. त्याच वेळी मुख्य बॅटरीवर १४.२ दिसतात. इंजिन चालू असताना व्होल्टेज वाढायला हवं ना?

प्रतिसाद २

तुमचं उत्तर याच आकड्यात आहे. तुमच्या गाडीत रिव्हर्स दिव्याला सरळ वीज मिळत नाही. गाडीचं कंट्रोल मॉड्यूल ती सेकंदाला शंभरएक वेळा चालू-बंद करतं, म्हणजेच पीडब्ल्यूएम. अल्टरनेटर १४ च्या वर गेला की बल्ब जास्त तापू नये म्हणून हे केलेलं असतं. मल्टिमीटर फक्त सरासरी दाखवतो, म्हणून आकडा खाली आला. बल्बची तार गरम असते, तिला मधले खंड जाणवत नाहीत. कॅमेऱ्याला मात्र दर खंडाला वीज तुटते.

खात्री करायची तर मीटर एसी व्होल्टवर ठेवून होल्डरवर लावा. पीडब्ल्यूएम असेल तर काही व्होल्ट दिसतील. पण आधी तोच मीटर एसीवर ठेवून मुख्य बॅटरीवर लावून बघा, इंजिन बंद ठेवून. तिथे शून्याच्या आसपास आलं तरच वाचनावर विश्वास ठेवा. काही स्वस्त मीटर सरळ विजेलाही एसी म्हणून भलताच आकडा देतात.

उपाय: होल्डरकडून येणाऱ्या लाल वायरीत १एन४००७ डायोड (वीज एकाच दिशेनं जाऊ देणारा भाग) घाला, त्यावरची पट्टी कॅमेऱ्याच्या बाजूला. डायोडच्या पुढे लाल आणि काळ्या वायरीमध्ये २२०० मायक्रोफॅरड, ३५ व्होल्टचा कपॅसिटर (थोडी वीज साठवणारा भाग) लावा. त्याची वजा खूण असलेली तार काळ्या वायरीला. उलटा लावला तर फुगून फुटतो, म्हणून दोनदा बघा. कॅमेरा आणि ट्रान्समीटर मिळून २०० मिलिॲम्पिअरच्या आसपास घेतात. वीज ५ मिलिसेकंद तुटली तरी एवढ्या कपॅसिटरवर व्होल्टेज अर्ध्या व्होल्टपेक्षा कमी घसरतं. डायोड नसेल तर साठलेली वीज उलट बल्बकडे निघून जाते, म्हणून तो वगळू नका.

प्रतिसाद ३

यावर बरेच जण रिले (विजेच्या सिग्नलनं चालू-बंद होणारा स्विच) सुचवतात. तोही चालतो: त्याच्या ३० नंबरच्या पिनवर २ ॲम्पिअरच्या फ्यूजमधून सतत मिळणारी वीज, ८७ वरून कॅमेरा, ८५ बॉडीला आणि ८६ वर रिव्हर्सचा सिग्नल. पण पीडब्ल्यूएम थेट ८६ वर दिला तर रिले खडखडतो आणि संपर्क जळतात. म्हणजे तिथेही डायोड-कपॅसिटर लागणारच. एवढ्या कमी भारासाठी रिलेचा खटाटोप नको. डायोड-कपॅसिटर लावल्यावर डॅशबोर्डवर बल्बची चूक दाखवू लागली, तर डायोडच्या आधी १० ओहम, २ वॅटचा रेझिस्टर ओळीत घाला. कपॅसिटर भरतानाचा झटका मॉड्यूलला शॉर्टसारखा वाटू शकतो.

आता तुमची काळी वायर. बॉडीच्या रंगावर स्क्रू घट्ट केला म्हणजे अर्थिंग मिळालं असं नाही. नाण्याएवढ्या जागेवरचा रंग घासून पत्रा चकचकीत करा, रिंग टर्मिनल क्रिंप करा, बोल्ट आवळा आणि वरून ग्रीस किंवा रंग लावा. नाहीतर काही महिन्यांत तिथे गंज धरतो. होल्डरवरच्या जोडाला वायरीत पातं घुसवणारी निळी क्लिप वापरली असेल तर काढा. ती बारीक तारा कापते आणि धक्क्यांनी सैल होते. सोल्डर करून हीट श्रिंक नळी चढवा.

धागाकर्ता

डायोड आणि कपॅसिटर लावले, रेघा गेल्या. एसी वाचन कॅमेऱ्याच्या टोकाला जवळपास शून्य. निळा पडदा मात्र अधूनमधून येतोच, आणि चित्र अजून उलटं आहे.

प्रतिसाद १

निळा पडदा म्हणजे सिग्नल तुटणं. २.४ गिगाहर्ट्‌झची लहर साधारण १२.५ सेंटिमीटरची असते, त्यामुळे अँटेना तीन-चार सेंटिमीटर सरकवली तरी फरक पडतो. ट्रान्समीटर पत्र्याला चिकटलेला नको. तो पॅनेलच्या आतल्या बाजूला टेपनं लावा, अँटेनाची तार गुंडाळी न करता सरळ ठेवा. पुढचा रिसीव्हर स्टिरिओच्या लोखंडी डब्यामागे असेल तर वर आणा. पॅनेल बसवण्याआधी मागच्या सीटवर कोणाला तरी बसवून बघा, कारण माणसाचं शरीरही हा सिग्नल शोषतं.

उलट्या चित्रासाठी कॅमेऱ्याच्या वायरीजवळ बारीक तारेचे एक-दोन वळसे दिसतात का बघा. बऱ्याच कॅमेऱ्यांत एक वळसा कापला की आरसा-प्रतिमा बदलते आणि दुसरा कापला की पार्किंगसाठी दाखवलेल्या रेषा जातात. रंग कंपनीगणिक वेगळे असतात, म्हणून सोबतचा कागद वाचूनच कापा आणि दोन्ही टोकं वेगवेगळी टेपनं झाका. वळसा नसेल तर स्क्रीनच्या मेनूत शोधा.

प्रतिसाद २

पॅनेल बंद करण्याआधी एक राहिलं. डिकीच्या दारातून बॉडीकडे जाणारी वायर बिजागराजवळच्या रबरी नळीतूनच न्या आणि दार पूर्ण उघडून ती ताणली जात नाही ना ते बघा. प्लेटजवळच्या भोकात रबरी ग्रोमेट बसवा. वायर आत शिरण्याआधी खाली झोळासारखी सोडा, म्हणजे पाणी तारेवरून आत न जाता झोळाच्या तळाशी ठिबकेल.

धागाकर्ता

अँटेना पत्र्यापासून काढून काचेच्या कडेला आणली, मागे तिघं बसूनही पडदा निळा झाला नाही. हिरवा वळसा कापल्यावर डावं-उजवं बरोबर आलं. आता ग्रोमेट आणि पॅनेल. सगळ्यांचे आभार.