पाच वर्षं थांबायचं, पण हातावर हात ठेवून नाही

आपल्या दिवंगत फादरांना कॅथलिक चर्चने संत घोषित करावं, अशी चर्चा चाललीय; त्यासाठीचा अर्ज मृत्यूनंतर पाच वर्षांनीच करता येतो, हे त्यात आलंय ते बरोबर. (सूट पोपच देऊ शकतात; मदर तेरेसांच्या वेळी दिली होती.) पण तोवर कबरीजवळ छोटी वेदी बांधून फोटोला प्रभावळ काढावी, ही त्याच चर्चेतली सूचना मात्र कृपया मागे घ्या. पोप आठवे अर्बन यांच्या काळापासून, म्हणजे सतराव्या शतकापासून, चर्चने मान्यता देण्याआधी सार्वजनिक भक्ती चालत नाही. अर्जानंतर चर्च जी चौकशी करतं, तीत कबर, राहती खोली, मृत्यूची जागा प्रत्यक्ष पाहिली जाते आणि असं काही आढळलं तर प्रकरण तिथेच अडतं. कबरीवर फुलं वाहा, घरी खासगी प्रार्थना करा, त्याला कुणाची ना नाही.

या पाच वर्षांत खरं काम कागदांचं. प्रवचनांच्या वह्या, पत्रं, डायऱ्या, अगदी हिशेबाच्या चिठ्ठ्यासुद्धा रद्दीत जाऊ देऊ नका. छापलेलं लिखाण धर्मपंडित तपासतात, न छापलेलं इतिहासाचे जाणकार गोळा करतात. फादरांना जवळून ओळखणाऱ्या वयस्कर माणसांकडून आठवणी तारीख-सहीनिशी लिहून घ्या. 'फार प्रेमळ होते' एवढ्याने भागत नाही; कुठे, केव्हा, काय केलं ते हवं. तक्रारीही ठेवा, कारण विरोधातली साक्षही घ्यावीच लागते. आणि फादरांकडे प्रार्थना करून आजारातून बरं झाल्याचं कुणी सांगितलं, तर आधीचे आणि नंतरचे रिपोर्ट जपा. चार संतांना एकदम साकडं घातलेलं असेल, तर बरं होणं नक्की कुणाच्या मध्यस्थीने (म्हणजे कुणी देवाकडे केलेल्या विनवणीने) हे ठरत नाही, आणि असे दावे तिथेच गळतात.