अमेरिका-चीनच्या व्यापार-बैठका बघून कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या फाउंड्रीनं (ओतकामाच्या कारखान्यानं) कच्चा माल भरून ठेवावा का? तिघांची चर्चा

करवीरकर
मे २०२५ मध्ये जिनिव्हात अमेरिकेचे अर्थमंत्री स्कॉट बेसंट आणि चीनचे उपपंतप्रधान हे लिफेंग भेटले. अमेरिकेचा चिनी मालावरचा १४५ टक्के आयातकर ३० वर आला, चीनचा १२५ चा १० वर, पण ९० दिवसांपुरता. नंतर लंडन, स्टॉकहोम, माद्रिद, क्वालालंपूर आणि ३० ऑक्टोबरला बुसान. माझं मत स्पष्ट आहे: या बैठकांवर विसंबून खरेदी ठरवू नये. १५ जानेवारी २०२० च्या करारात चीननं दोन वर्षांत, २०१७ च्या खरेदीपेक्षा २०० अब्ज डॉलरची जादा खरेदी कबूल केली होती. प्रत्यक्षात एकूण ठरलेल्या खरेदीच्या साठ टक्केही झाली नाही.

शिरोली नाका
पटत नाही. १४५ टक्के म्हणजे व्यापार बंदच. तो दोन दिवसांच्या बोलण्यानं उघडला, हे लहान काम नव्हे. ४ एप्रिल २०२५ ला चीननं सात रेअर अर्थ (दुर्मीळ मृदा) धातू आणि त्यांच्या मॅग्नेटवर निर्यात परवाना लावला, तेव्हा फोर्डचा शिकागोचा प्लांट आठवडाभर थांबला. गाडीची लाइन थांबली की कास्टिंगचं शेड्यूलही थांबतं. आणि आपल्या एसजी आयर्नच्या (गोल ग्रॅफाइटच्या ओतीव लोखंडाच्या) नॉड्युलरायझरमध्येही, म्हणजे ग्रॅफाइट गोल करणाऱ्या मॅग्नेशियम मिश्रधातूतही, रेअर अर्थ असतंच की.

साचा-भट्टी
इथं गल्लत होतेय. त्या यादीत समॅरियम, गॅडोलिनियम, टर्बियम, डिस्प्रोसियम, ल्युटेशियम, स्कँडियम, यट्रियम आहेत. नॉड्युलरायझरमध्ये येतात ते सेरियम आणि लँथॅनम, हलके रेअर अर्थ. ते यादीत नाहीत. त्यांचं काम स्क्रॅपमधून आलेल्या शिसं, टायटॅनियमसारख्या घटकांचा दोष मारणं. जाड सेक्शनमध्ये ते जास्त झाले तर उलट चंकी, म्हणजे तुटक तुकड्यांचं, ग्रॅफाइट पडतं.

आपली खरी नस मॅग्नेशियम आहे. जगातलं बहुतेक मॅग्नेशियम चीनमध्ये बनतं, आणि २०२१ च्या वीजकपातीत त्याचा भाव भडकला तेव्हा कुठलीही बैठक कामाला आली नाही. कास्टिंगमध्ये साधारण ०.०३५ ते ०.०५ टक्के मॅग्नेशियम उरावं लागतं. कमी पडलं तर ग्रॅफाइट गोल न होता वर्मिक्युलर (अळीसारखं) होतं आणि ताकद जाते. ट्रीटमेंट झाली, म्हणजे नॉड्युलरायझर धातूत मिसळला, की लगेच फेडिंग (मॅग्नेशियम उडून जाणं) सुरू; म्हणून ओतायला दहा मिनिटांच्या वर जाऊ देऊ नका. महाग मिश्रधातू वाचवायचा तर आधी धातूतला, मॅग्नेशियम खाणारा गंधक खाली आणा, मग टंडिश लॅडलला (ट्रीटमेंटच्या भांड्याला) झाकण लावा. नॉड्युलरायझर सहा महिन्यांचा भरून ठेवला तर त्याला ओल धरते, चुरा होतो, रिकव्हरी (धातूत उतरणारं मॅग्नेशियम) पडते.

शिरोली नाका
यादीचं मान्य, माझी चूक. पण बुसाननंतर चीननं ९ ऑक्टोबर २०२५ ची रेअर अर्थ निर्यातीवरची नवी बंधनं १० नोव्हेंबर २०२६ पर्यंत थांबवली. एक वर्षाची उसंत मिळाली ना?

करवीरकर
ऑक्टोबरची थांबली; एप्रिलची परवाना पद्धत उठली नाही. फरक तिथंच आहे. ती तारीख कॅलेंडरवर लिहा, पण तिच्या भरवशावर वर्षभराचा दर देऊ नका.

साचा-भट्टी
दर देताना दोन गोष्टी बघा. पिग आयर्न आणि स्क्रॅपचा भावफरक ग्राहकाकडून तिमाहीला मिळतो, तसा मॅग्नेशियम मिश्रधातूचाही लिहून घ्या. आणि अमेरिकेचा ग्राहक डीडीपी (सगळे कर भरून त्याच्या दारात पोच) मागत असेल तर नाही म्हणा, कारण मग तिथला आयातकर तुमच्या अंगावर. एफओबी (आपली जबाबदारी माल जहाजावर चढेपर्यंतच) असेल तर तो ग्राहकाचा. माल समुद्रात असताना कर बदलला, तर करारातली हीच एक ओळ निर्णायक ठरते.