अर्धवट पुस्तक सोडायचं तर कितव्या पानावर?

वाळवी: ६१२ पानांची एक कादंबरी वाचतेय. गेले तीन महिने खूणपट्टी १४३व्या पानावर. नायकाचे काका जिना उतरताहेत. रात्री दोन पानं वाचते, डोळा लागतो, दुसऱ्या रात्री काका पुन्हा वरच्या पायरीवर! ही संपल्याशिवाय दुसरं पुस्तक हातात घ्यायचं नाही असा माझाच दंडक, त्यामुळे वाचनच थांबलंय.

नॅन्सी पर्ल या अमेरिकन ग्रंथपालबाईंचा एक नियम आहे: ५० पानं वाचा, नाही आवडलं तर सोडा. वय पन्नाशीपुढे असेल तर १०० मधून वय वजा करा, उरतील तेवढीच पानं. मी ५८ वर्षांची. माझ्या वाट्याला ४२ पानं. म्हणजे १०१ पानं मी फुकट वाचली. सोडू ना?

पानोपानी: अजिबात नको. पानं मोजून पुस्तक जोखायचं म्हणजे कमालच झाली. उंबेर्तो एको या इटालियन लेखकाला त्याच्या 'द नेम ऑफ द रोझ' कादंबरीची पहिली शंभर पानं फार जड आहेत, कमी कर, असं संपादकांनी सुचवलं होतं. त्याने साफ नकार दिला. कादंबरीची चाल वाचकाच्या अंगवळणी पडावी म्हणूनच ती पानं होती. तुमच्या हिशोबाने तुम्ही ४२वर उठून गेला असतात.

खूणपट्टी: एकोची शंभर पानं जड होती म्हणून प्रत्येक जड पुस्तकामागे एको नसतो हो!
आणि 'एवढं वाचलंय तर संपवू' हा शुद्ध घाट्याचा हिशोब आहे. १९८५ साली आर्क्स आणि ब्लूमर या मानसशास्त्राच्या संशोधकांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. नाटकांच्या हंगामाची तिकिटं काहींना पूर्ण किमतीत, काहींना सवलतीत दिली. हंगामाच्या पहिल्या भागात पूर्ण पैसे मोजलेले लोक जास्त नाटकांना गेले. नाटकं सगळ्यांना तीच होती, फक्त ह्यांच्या खिशाला जास्त चाट बसली होती. वाळवीताई, ती १०१ पानं गेली. त्यांच्यापायी उरलेली ४६९ कशाला घालवता?

पानोपानी: प्रयोग मान्य. पण कंटाळा पुस्तकाचा आहे की आपला, हे कसं ठरवणार? घरात आजारपण चालू असताना मी एक कादंबरी चिडून मिटली होती. एक वाक्य धड डोक्यात शिरेना. दोन वर्षांनी तीच दोन रात्रींत संपवली. पुस्तकात काही एका अक्षराचा फरक पडला नव्हता. म्हणून म्हणतो, सोडू नका, बाजूला ठेवा.

वाळवी: बाजूला ठेवलेली सतरा आहेत माझ्याकडे. प्रत्येकातून खूणपट्टीचं टोक बाहेर, जीभ काढून दाखवल्यासारखं. त्यातलं एकही मी परत उघडलेलं नाही. 'बाजूला ठेवलंय' ही आपली सभ्य भाषा झाली.

उलटवाचक: मी शेवटचं प्रकरण आधी वाचतो. तिथे कसं पोचले याची उत्सुकता वाटली तर मागे येतो. (शिव्या घालून घ्या.)

पानोपानी: उलटवाचक, तुमच्याशी नंतर बोलतो.
सोडायचं तर सोडा, पण मग 'भिकार आहे' म्हणत फिरू नका. १४३ पानांवर ६१२ पानांचा निकाल लागत नाही.

खूणपट्टी: का नाही? मध्यंतरात उठून आलेल्या प्रेक्षकालाही मत असतंच. फक्त 'मी मध्यंतरापर्यंतच पाहिलं' एवढं प्रामाणिकपणे सांगावं.

वाळवी: हे पटलं. तर प्रामाणिकपणे सांगते: काल दिवसाउजेडी, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून, ताठ बसून वीस पानं वाचली. काका अजून जिन्यातच आहेत. खूणपट्टी काढली.

पानोपानी: अहो, कदाचित १६४ वर उतरत असतील!

वाळवी: पुस्तक तुम्हाला देते. उतरले की कळवा.