पहिल्या लोकसभेचं कौतुक जरा जास्तच होतंय का?

कोपऱ्यातला_बाक
संसदेत गोंधळ झाला की दुसऱ्या दिवशी कुणीतरी हमखास गळा काढतं, ‘काय ती 1952 ची लोकसभा!’ मला हा उमाळा पटत नाही. 489 जागांपैकी 364 एकट्या काँग्रेसच्या, तेही जेमतेम 45 टक्के मतांवर. त्याखालोखाल कम्युनिस्ट, 16. ए. के. गोपालन त्यांचे नेते, पण अधिकृत विरोधी पक्षनेता कुणीच नाही. एक दशांश सदस्य असल्याशिवाय मान्यता नाही, हा दंडक अध्यक्ष मावळंकरांचा. विरोधी पक्षनेत्याचं पद पहिल्यांदा भरलं 1969 मध्ये! भाषणं झकास असतील हो, पण मतदानाचा निकाल सकाळी चहा पितानाच ठाऊक. आणि राज्यघटनेचा मसुदा ज्यांनी केला, त्या बाबासाहेबांना मुंबईकरांनी पाडलं. कसलं सोनेरी पान?

नदीपलीकडे
साफ असहमत. विरोध फक्त समोरच्या बाकांवरून होतो हे कुणी सांगितलं? डिसेंबर 1955 मध्ये फिरोज गांधी उठले ते सत्ताधारी बाकांवरून, आणि होते पंतप्रधानांचे जावई. उद्योगपती दालमियांनी विमा कंपनीतल्या लोकांच्या पैशाचं काय केलं, ते त्यांनी भर सभागृहात मांडलं. पुढच्याच महिन्यात सरकारने आयुर्विमा ताब्यात घेतला. नंतर दालमियांना शिक्षाही झाली. दुसऱ्या लोकसभेत मुंदडा प्रकरण (आयुर्विमा महामंडळाच्या पैशाने मुंदडांच्या कंपन्यांचे शेअर घेतले ते) काढलं तेही त्यांनीच, त्यात अर्थमंत्री कृष्णम्माचारींची खुर्ची गेली. आज सत्ताधारी पक्षातला एक खासदार असं करून दाखवेल? पक्षांतरबंदी कायदा आला 1985 मध्ये, तोवर व्हिप, म्हणजे मतदानाबाबतचा पक्षाचा आदेश, मोडला म्हणून खासदारकी जात नव्हती.
आणि बैठका मोजा. पहिल्या लोकसभेच्या 677, सतराव्या लोकसभेच्या 274.

कोपऱ्यातला_बाक
उदाहरण तुम्हीच दिलंत, म्हणून बरं झालं. आयुर्विमा ताब्यात घेतला तो कशाने? वटहुकमाने! 19 जानेवारी 1956 च्या रात्री अर्थमंत्री चिंतामणराव देशमुखांनी रेडिओवरून जाहीर केलं, लोकसभेला नंतर कळलं. वटहुकूम काढणं लोकशाहीला धरून नाही, असं खुद्द मावळंकरांनी नेहरूंना पत्रं लिहून बजावलं होतं. घरचा अध्यक्ष कानीकपाळी ओरडतोय आणि सरकार आपलं चालूच.

आलेपाक
अहो, आधी वाच्यता झाली असती तर कंपन्यांनी तिजोऱ्या झाडूनपुसून नेल्या असत्या. काही गोष्टी रात्रीच कराव्या लागतात.
मात्र मावळंकर काही फक्त पत्रं लिहिणारे साधुपुरुष नव्हते. डिसेंबर 1954 मध्ये ते पक्षपात करतात म्हणून विरोधकांनी त्यांच्याचविरुद्ध ठराव आणला होता. फेटाळला गेला, पण चर्चा झाली आणि तेव्हा खुर्चीत उपाध्यक्ष अय्यंगार बसले होते. (अवांतर: घराणं रत्नागिरीकडच्या मावळंगेचं, जन्म बडोद्याचा, कारकीर्द अहमदाबादेत. मराठी म्हणायचं की गुजराती, यावर वेगळा धागा काढा, तीनशे प्रतिसाद नक्की.)

दोन_चिठ्ठ्या
बाबासाहेबांना ‘मुंबईकरांनी पाडलं’ हे एका वाक्यात उरकू नका. उत्तर मुंबई हा दोन सदस्यांचा मतदारसंघ होता, एक सर्वसाधारण, एक राखीव. शिक्का मारायचा नसे. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, तिच्यावर त्याचं चिन्ह. मतदाराला दोन चिठ्ठ्या मिळत, त्या दोन वेगवेगळ्या पेट्यांत टाकायच्या. दोन्ही एकाच पेटीत गेल्या की एक बाद. आमचे आजोबा गिरणीत होते. पडद्यामागे चिठ्ठी धरून कुठली पेटी कुठे याचा अंदाज घेत उभे राहिलो, बाहेरून पोलिंगवाला खेकसला, असं ते कायम सांगायचे.
बाबासाहेब सुमारे साडेचौदा हजारांनी काँग्रेसच्या काजरोळकरांकडून हरले आणि बाद चिठ्ठ्या 74 हजारांवर होत्या. दोन्ही चिठ्ठ्या एकाच पेटीत टाकण्याचा मुद्दाम प्रचार झाला, ही तक्रार घेऊन ते आणि समाजवादी नेते अशोक मेहता निवडणूक न्यायाधिकरणात गेले. फेटाळली. असले मतदारसंघ 1961 मध्ये रद्द झाले. 1954 च्या भंडारा पोटनिवडणुकीतही ते हरले. राज्यसभेत होते म्हणून त्यांचा आवाज संसदेत उरला.

नदीपलीकडे
हे चिठ्ठ्यांचं मला नवीन. पण हा दोष निवडणुकीच्या रचनेचा, सभागृहाच्या कामाचा नव्हे.

दोन_चिठ्ठ्या
सभागृहात कोण बसणार हे त्या पेट्याच ठरवतात, साहेब.

हिशेबनीस
1954 च्या कायद्याने खासदाराला महिना 400 रुपये पगार आणि 21 रुपये रोजचा भत्ता. बाकी चालू द्या.

आलेपाक
कोपऱ्यातला_बाक, देशमुखांचं नाव काढलंत तर अर्धंच का काढलंत? कुलाब्यातून निवडून आलेला हा माणूस देशाचा अर्थमंत्री. मुंबई महाराष्ट्रापासून तोडून केंद्राकडे द्यायचं ठरलं, गोळीबारात माणसं मेली, चौकशी नाही. जुलै 1956 मध्ये त्याच लोकसभेत उभं राहून त्यांनी राजीनाम्याची कारणं सांगितली, मुंबईचा निर्णय मंत्रिमंडळाला नीट न विचारता घेतला हेही सांगितलं. समोर नेहरू.

कोपऱ्यातला_बाक
देशमुखांपुढे हात जोडले. पण त्या दिवशी सत्ताधारी बाकांवर बसलेल्या मुंबई-महाराष्ट्रातल्या बाकीच्या काँग्रेसवाल्यांपैकी किती जण त्यांच्यामागे उठून बाहेर पडले, ते सांगा. मग कौतुकाचं बघू.