यंदा सोसायटीच्या गणपतीच्या पूजेला कोण बसणार?

सेक्रेटरी: नमस्कार मंडळी. नेहमीचे गुरुजी चतुर्थीला पहाटे पाचला नाहीतर दुपारी तीननंतरच येऊ शकतात, त्यांची मधली सगळी घरं ठरलेली आहेत. पौरोहित्य करणाऱ्या एक ताई अकराला यायला तयार आहेत. कोणाचं काही म्हणणं असेल तर आज रात्रीपर्यंत कळवा.

ब-३०२ काका: प्राणप्रतिष्ठा आहे, हळदीकुंकू नव्हे. बायकांना वेदमंत्रांचा अधिकार नाही. घरी कोणी काय करावं ते त्यांनी बघावं, सार्वजनिक पूजेत नको.

अ-५०१: आमच्या वास्तुशांतीला ताईच होत्या. प्रत्येक मंत्राचा अर्थ मराठीत सांगत होत्या. मुलं शेवटपर्यंत जागची हलली नाहीत.

ब-४०४: विरोध म्हणून नाही, पण नेमकी त्या दिवशी त्यांची अडचण आली तर?

क-२०४: गुरुजींना सुतक आहे का, हे आपण कधी विचारतो का हो? असलं तर ते स्वतःच सांगतात आणि दुसऱ्यांना पाठवतात. ताईंच्या बाबतीतही तेवढा विश्वास ठेवू या.
काका, तुमचा मान राखून लिहिते. लग्नात ज्या सूर्यासूक्तातले मंत्र म्हणतात, ते ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं ८५ वं सूक्त. त्याची ऋषिका सूर्या सावित्री. घोषा, अपाला, लोपामुद्रा यांच्याही ऋचा ऋग्वेदात आहेत. हारीत स्मृतिकारांनी ब्रह्मवादिनी स्त्रियांना उपनयन आणि वेदाध्ययन सांगितलंय. मनुस्मृतीत विवाह हेच स्त्रीचं उपनयन, असं आहे, तेही खरं. दोन्ही मतं आपल्याच ग्रंथांतली आहेत, त्यातलं कुठलं धरायचं ते आपण ठरवायचं. आणि पुण्याला हे नवं नाही. शंकरराव थत्ते यांनी सत्तरच्या दशकात इथे बायकांना पौरोहित्य शिकवायला सुरुवात केली, पुढे ज्ञानप्रबोधिनीनेही वर्ग चालवले. साकोरीला उपासनी महाराजांच्या आश्रमात तर कन्या स्वातंत्र्याच्या आधीपासून यज्ञ करत आल्या आहेत.

ब-३०२ काका: वाचन चांगलं आहे तुमचं. तरी मला पटत नाही. मात्र पार्थिव गणपतीची पूजा मध्याह्नकाळी व्हावी हे शास्त्र आहे, ती पहाटे पाचला उरकणंही बरोबर नाही.

सेक्रेटरी: म्हणजे अकराला ताई. यजमान म्हणून कोणतं दांपत्य बसणार?

क-२०४: मला खरं बोलायचंय ते याच्याबद्दल. दांपत्यच का? अ-१०२ च्या काकू दरवर्षी आदल्या रात्री दूर्वा निवडतात, तीन पात्यांच्या, कोवळ्या, आणि एकवीस-एकवीसच्या जुड्या बांधून ओल्या फडक्यात ठेवतात. पंचामृत त्यांचं, कापसाची वस्त्रं त्यांची, ताम्हन-पळी घासूनपुसून त्याच मांडतात. आणि आचमन सुरू झालं की त्या मागे लिफ्टपाशी जाऊन उभ्या राहतात. अ-१०२ चे काका वारल्यापासून हे असंच चाललंय. त्यांना कोणी 'मागे जा' म्हणत नाही, पण 'पुढे या' असंही आपल्यापैकी कोणी म्हटलेलं नाही. हे मला सहन होत नाही.
आम्ही नवऱ्याबरोबर पूजेला बसतो तेव्हाही सगळे उपचार तो करतो, आम्ही त्याच्या हाताला हात लावायचा. २०१४ साली परळीला गोपीनाथ मुंडेंना पंकजाताईंनी अग्नी दिला, अवघ्या महाराष्ट्राने ते पाहिलं. मुलीने दिलेला अग्नी चालतो, मग दूर्वेने मूर्तीच्या डोळ्यांना तूप लावायला विधवा बाई का चालू नये? यंदा काकूंनीच पाटावर बसावं, संकल्प त्यांनीच सोडावा.

अ-५०१: शंभर टक्के.

ब-४०४: आमच्याकडून हो. सासूबाईही हो म्हणताहेत.

अ-१०२ काकू: अगं, माझं नाव कशाला गं घेतलंस. लोक काय म्हणतील. नवीन जोडपी आहेत की, त्यांना बसू दे.

क-२०४: काकू, लोक म्हणजे आपणच ना. कोणी नको म्हणत असेल तर त्यांनी इथेच लिहावं.

ब-३०२ काका: बाई गुरुजींचं माझं मत मी सांगितलं, ते बदललेलं नाही. पण वहिनींनी पूजेला बसण्याला माझी हरकत नाही. त्यांचं अथर्वशीर्ष मी ऐकलंय, उच्चार स्वच्छ आहेत.

अ-१०२ काकू: भावजी, तुम्ही म्हणताय तर बसते. पंचामृत मात्र मीच करणार हं. आणि साडी कुठली नेसू? सोवळ्याची रेशमी आहे, पण फार लाल आहे.

क-२०४: तीच नेसा.

सेक्रेटरी: ठरलं. अकराला पूजा, काकू यजमान. दूर्वांचं काम यंदा काकूंकडे नाही, ब विंगने करायचं. कोण घेतंय?

ब-४०४: मी आणि सासूबाई. काकू, निवडायच्या कशा ते दाखवायला आदल्या दिवशी संध्याकाळी याल ना?