मदत हवी आहे: बायको सातव्या महिन्यात, रिपोर्टमध्ये हिपॅटायटिस बी निघालंय

नमस्कार मंडळी. आम्ही खानापूर तालुक्यातले. पहिलंच बाळंतपण, एकोणतिसावा आठवडा चालू आहे. सुरुवातीला एचआयव्ही, व्हीडीआरएल सगळं झालं होतं, नेमकी ही तपासणी राहून गेली. मागच्या आठवड्यात बेळगावात केली तर 'एचबीएसएजी रिअ‍ॅक्टिव्ह'.

डॉक्टर कन्नडमध्ये बोलले, मला निम्मंच कळलं. आईने त्यातला 'कामाले' एवढाच शब्द पकडला. कामाले म्हणजे कावीळ. झालं! घरी आल्या आल्या ताट-तांब्या वेगळा. ताटाखाली लाल नेलपॉलिशचा ठिपका लावलाय, चुकून दुसऱ्या कुणी घेऊ नये म्हणून. बायको काही बोलत नाही. जेवण झालं की ते ताट स्वतःच घासून कोपऱ्यात पालथं घालते. तिचे डोळे पिवळे नाहीत, भूक चांगली आहे, तरी काविळीचा झाडपाला आणायचा घाट चाललाय.

खरी अडचण पुढेच आहे. रीतीप्रमाणे बाळंतपण माहेरी, चंदगड तालुक्यात. तायी कार्ड (गरोदरपणाच्या नोंदीचं सरकारी कार्ड) कर्नाटकाचं, दवाखाना महाराष्ट्राचा. बाळाला जन्मल्याबरोबर दोन इंजेक्शनं लागतात म्हणे, ती तिकडे मिळतील काय? सिझरच करावं लागतं काय? अंगावर पाजायचं की नाही? कुणाला अनुभव असेल तर सांगा की.

— खानापूरकर

निपाणीची सिस्टर:
दादा, आधी तो झाडपाला थांबवा. त्याने हा विषाणू जात नाही, उलट पोटुशीच्या लिव्हरला त्रास व्हायचा. ताटाचंही तसंच. हा आजार रक्तातून आणि शरीरसंबंधातून पसरतो, एकत्र जेवल्याने नाही. ब्लेड, टूथब्रश तेवढे वेगळे ठेवा.

बाळाला धोका मुख्यतः जन्माच्या वेळी, आईच्या रक्ताशी संबंध आल्यावर. त्या वयात लागण झाली तर १० पैकी ९ मुलांत ती कायमची राहते, म्हणून पहिले तास महत्त्वाचे. लस २४ तासांच्या आत, जितकी लवकर तितकी बरी. एचबीआयजी, म्हणजे तयार अँटिबॉडीचं इंजेक्शन, १२ तासांच्या आत दुसऱ्या मांडीत. पुढे ६, १०, १४ आठवड्यांना पेंटाव्हॅलंट, म्हणजे पाच रोगांची एकत्र लस असतेच, तिच्यात हिपॅटायटिस बीचीही येते, ती चुकवू नका. लस सरकारी दवाखान्यात असते. एचबीआयजी मात्र लहान गावात ऐनवेळी मिळेल या भरवशावर राहू नका.

आत्ता करायचं म्हणजे व्हायरल लोड, रक्तात विषाणू किती आहे त्याची तपासणी. तो २ लाखांच्या वर आला तर डॉक्टर विषाणू दाबणारी टेनोफोव्हिरची गोळी सुरू करतात, आठवडे थोडे उरलेत तेव्हा उशीर नको. २०१८ पासून हिपॅटायटिसचा राष्ट्रीय कार्यक्रम आहे, त्यात औषध मोफत. जिल्हा रुग्णालयात विचारा. फक्त यासाठी सिझर लागत नाही. लस दिल्यावर अंगावर पाजायला हरकत नाही, बोंडाला चीर पडून रक्त येत असेल तर डॉक्टरांना दाखवा. आणि तुमची स्वतःची तपासणी? ते लिहिलंच नाही तुम्ही.

गडहिंग्लजची लेक:
माझं असंच होतं, सासर चिकोडीकडे. माहेरच्या दवाखान्यात आठवा लागल्यावरच रिपोर्ट दाखवला, 'हो हो, होईल' म्हणाले. रविवारी पहाटे मुलगी झाली आणि एचबीआयजी नाही! भाऊ कोल्हापुरात चार मेडिकल फिरला, बर्फाच्या डब्यात घेऊन आला तेव्हा नववा तास चालू होता. दहाव्या महिन्यात तिचं रक्त तपासलं, निगेटिव्ह. पण तो दिवस आठवला की अजून पोटात गोळा येतो. दवाखाना कुठल्याही राज्यातला असू दे, इंजेक्शन त्यांच्या फ्रीजमध्ये आहे हे डोळ्यांनी बघूनच तारीख धरा. कार्डावर रिपोर्ट लाल शाईने लिहून घ्या. रात्रपाळीची सिस्टर कार्डच बघते.

खानापूरकर:
सिस्टर, ताई, आभार मानावे तेवढे थोडेच. व्हायरल लोडचं रक्त दिलं. बाळंतपण बेळगावातच करायचं ठरलंय, सासूबाई चंदगडहून इकडे येणार. आईला तुमचं लिहिलेलं वाचून दाखवलं. ती 'बघूया' म्हणाली. काल रात्री ठिपक्याचं ताट मीच ओढून घेतलं आणि जेवलो. आई बघत राहिली, मग भाकरी वाढली. माझी तपासणी सोमवारी.